एक रस्ता, एक टेप: आपल्या गल्लीचा फुटपाथ व्हीलचेअर जाईल असा कसा करून घ्यायचा

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगपासून बँक चालत सात मिनिटांवर. वहिनींना व्हीलचेअरवरून तिथं पोचायला अर्धा तास लागायचा, आणि त्यातला बराचसा वेळ भर रस्त्यात, मागून रिक्षांचे हॉर्न ऐकत. फुटपाथ नव्हता असं नाही. होता, नवा होता, पेव्हर ब्लॉकही छान बसवलेले. पण सुरुवातीलाच तीन लोखंडी खांब रोवलेले. एके दिवशी मी टेप लावला. दोन खांबांमधलं अंतर ६४ सेंटिमीटर. वहिनींची खुर्ची ६७. तीन सेंटिमीटरपायी अख्खा फुटपाथ वाया.

तोवर आम्ही दोन तक्रारी केल्या होत्या: ‘फुटपाथ दिव्यांगांसाठी सोयीचा नाही.’ दोन्हींना ‘नोंद घेण्यात आली आहे’ असं उत्तर. तिसऱ्या पत्रात फक्त ‘६४ आहे, ९० तरी हवं’ एवढं लिहिलं, टेप दिसेल असा फोटो लावला, आणि आठवड्याभरात एक इंजिनिअर येऊन खाली वाकून बघून गेला. पुढचं सगळं त्या टेपवरून शिकलेलं आहे.

आधी रस्ता निवडा, शहर नको

‘ठाण्याचे फुटपाथ’ हा विषय घेऊन बसलात तर वर्षभर चर्चाच होईल. एक रस्ता घ्या, साधारण पाचशे मीटरचा, आणि त्याच्या दोन्ही टोकांना काहीतरी काम असू द्या: घर ते टीएमटीचा स्टॉप, घर ते दवाखाना, घर ते तलावपाळी. दारातून निघून काउंटरपर्यंत किंवा बाकापर्यंत, मध्ये एकही तुकडा न सोडता. चारशे नव्वद मीटर उत्तम आणि दहा मीटर अशक्य असेल, तर माणूस घरीच बसतो.

रस्त्यात स्टेशन येत असेल तर तेही धरा. ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला बस सॅटिस पुलावर मिळते, म्हणजे बस पकडायला वर चढणं आलं. तिथं लिफ्ट कुठे आहे, ती चालू आहे का, रात्री किती वाजता बंद होते आणि लिफ्टपर्यंत जाणारी वाट मोकळी आहे का, हे चार प्रश्न वहीत आधी लिहून ठेवा.

बरोबर कोण हवं

ज्यांना अडचण येते ते पुढे, आपण वही घेऊन मागे. एक व्हीलचेअरवाली व्यक्ती, एक पांढरी काठीवाली, एक वॉकर किंवा कुबड्या घेऊन चालणारी, आणि जमलं तर ऐकू न येणारी एक. डोळ्याला पट्टी बांधून ‘अनुभव’ घेण्याचे कार्यक्रम मला पटत नाहीत. त्यातून आपल्याला आपली भीती कळते, रस्ता कळत नाही. रस्ता रोज चालणाऱ्याला माहीत असतो.

आमच्या सोसायटीतले काका पंचवीस वर्षांपूर्वी दृष्टी गेलेले. पहिल्या फेरीत मी त्यांना दर खड्डा सांगत होते. ते थांबले आणि म्हणाले, “अगं, खड्डा मला काठी सांगते. तू मला वर काय लटकतंय ते सांग.” दुकानाच्या पुढे आलेला पत्रा, एसीचं खालच्या उंचीवरचं युनिट, झाडाची तुटकी फांदी, जिन्याची खालची तिरकी बाजू: यातलं काहीही काठीला लागत नाही, थेट कपाळाला लागतं. तोवर आम्ही फक्त खालीच बघत होतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शक सूचना (आयआरसी १०३) चालण्याच्या पट्ट्याच्या वर २.२ मीटर मोकळी उंची मागतात. त्या दिवसापासून टेप वरही धरतो.

एकाच रस्त्यावर दोनदा चाला. सकाळी अकराला जो फुटपाथ मोकळा असतो तो संध्याकाळी सातला नसतो. तिसरी फेरी जुलैत, पाऊस पडून गेल्यावर. पाणी कुठे तुंबतं ते कोरड्या दिवसात कळत नाही, आणि नेमकं क्रॉसिंगपाशीच तुंबतं.

मापं

सामान थोडंच: पाच मीटरचा टेप, साठ सेंटिमीटरची पाणसळ (बुडबुड्याची स्पिरिट लेव्हल, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते), खडू, मोबाइल.

रुंदी. आयआरसीप्रमाणे चालायला किमान १.८ मीटर मोकळे हवेत, बाजारपेठेत अडीच. ‘मोकळे’ या शब्दावर अडून राहा. कागदावर फुटपाथ दोन मीटरचा असतो. त्यातून विजेचा डीपी बॉक्स, झाडाचा कठडा, पायरी आणि जाहिरातीचा खांब वजा केला की उरतात ऐंशी सेंटिमीटर. जिथं सर्वात चिंचोळं असेल तिथलं माप लिहा, सरासरी काढू नका. सरासरीतून खुर्ची जात नाही.

खांब. दोन खांबांत ९० सेंटिमीटर असले तर खुर्ची जेमतेम जाते, बोटं सांभाळून. मी १२० मागते. ‘मॅडम, खांब काढले की बाइकवाले घुसतात,’ हे उत्तर ठरलेलं आहे, आणि ते खोटंही नाही. पण बाइकचं हँडल आणि व्हीलचेअर यांच्या रुंदीत फारसा फरक नसतो. बाइक अडवेल आणि खुर्ची जाऊ देईल असं अंतर लोखंडाला सापडत नाही. बाइक पोलिसांनी अडवायची असते. मुंबईतल्या फुटपाथांवरच्या अशाच खांबांवरून २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली होती. पत्रात हे एक वाक्य घाला, कामाला येतं.

उंची आणि रॅम्प. इथं जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त पैसा इथंच वाया जातो. कर्बची, म्हणजे रस्त्यापासून फुटपाथच्या कडेची, उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी आणि रॅम्पचा उतार १:१२ असावा. म्हणजे १५ सेंटिमीटर चढायला १८० सेंटिमीटर लांबी. आमच्या कोपऱ्यावर ठेकेदाराच्या माणसांनी पहिला रॅम्प केला तो ७५ सेंटिमीटरचा. १:५. वहिनींची खुर्ची अर्ध्यावर चढून मागे घसरायला लागली, मी धरली म्हणून बरं. वर ऐकायला मिळालं, “रॅम्प मागितलात, रॅम्प दिला.” पुन्हा फोडून करून घ्यायला एक पावसाळा गेला.

उतार मोजायचा कसा? पाणसळीचं एक टोक रॅम्पवर वरच्या बाजूला टेकवा, दुसरं टोक हवेत धरून बुडबुडा मध्यावर आणा. आता खालच्या टोकापासून जमिनीपर्यंत टेप लावा. साठ सेंटिमीटरला पाच सेंटिमीटर म्हणजे बरोबर १:१२. सहा-सात निघाले तर उतार जास्त आहे. पाणसळ नसेल तर मोबाइलमधलं लेव्हलचं अ‍ॅप उघडा. १:१२ म्हणजे साधारण पावणेपाच अंश; पाच अंशांच्या पुढे आकडा जायला नको. आडवा उतारही बघा. खुर्ची सतत रस्त्याच्या बाजूला ओढली जात असेल तर ढकलणाऱ्याचा एक हात दुखून येतो. दोन टक्क्यांच्या आसपास असला की पाणीही जातं आणि खुर्चीही सरळ राहते.

आपल्याकडची खरी गोची वेगळीच. बरेच फुटपाथ गटारावर बांधलेले असतात, त्यामुळे उंची २५-३० सेंटिमीटर. तीस सेंटिमीटरला रॅम्प लागेल ३.६ मीटरचा आणि फुटपाथच दोन मीटरचा! अशा वेळी रस्त्याकडे उतरणारा रॅम्प मागूच नका. कोपऱ्यापाशी आख्खा फुटपाथच लांबीच्या दिशेने हळूहळू खाली उतरवत आणायला सांगा, किंवा क्रॉसिंगच फुटपाथच्या उंचीला उचलायला सांगा. उचललेल्या क्रॉसिंगवर गाड्यांनाही आपोआप ब्रेक लावावा लागतो. सोसायट्यांच्या गेटपाशीही तेच. दर गेटला फुटपाथ खाली-वर, खाली-वर करण्यापेक्षा फुटपाथ सलग ठेवावा, गाडीने चढून जावं. गाडीला इंजिन असतं.

पिवळ्या टाइल्स. उभ्या पट्ट्या म्हणजे ‘चला’, गोल ठिपके म्हणजे ‘थांबा, पुढे काहीतरी आहे’. इतकं सोपं. तरी ठिपक्यांच्या टाइल्स शोभेसाठी सरळ रांगेत घातलेल्या दिसतात, आणि पट्ट्यांची रांग नीट चालत जाऊन झाडाच्या कठड्याला धडकते. ही टाइल जपानमधल्या सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये तयार केली, १९६७ मध्ये ओकायामा शहरात पहिल्यांदा बसली. साठ वर्षं होत आली, पण आपल्याकडे अजून ती टाइल्सची डिझाइन म्हणूनच बघितली जाते. बाजूच्या ब्लॉकपेक्षा रंग वेगळा हवा, कारण बहुतेक ‘अंध’ माणसांना थोडंफार दिसत असतं. दोन्ही बाजूंना हातभर मोकळं हवं, आणि ठिपक्यांची पट्टी रॅम्पच्या तोंडाशी हवी.

जाळ्या आणि झाकणं. गटाराच्या जाळीच्या फटीत करंगळी सहज आत जात असेल तर काठीचं टोक आणि खुर्चीचं पुढचं छोटं चाकही जाईल. फट १२-१३ मिलिमीटरपेक्षा जास्त नको, आणि पट्ट्या चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात. चेंबरचं झाकण आजूबाजूच्या ब्लॉकांच्या पातळीत हवं.

सिग्नल. रस्त्याची रुंदी मोजा, हिरव्या माणसाचे सेकंद मोजा. चोवीस मीटर रुंद रस्ता सेकंदाला १.२ मीटर या चालीने वीस सेकंदांत होतो. वॉकरवाल्या मावशी अर्ध्या मीटरने चालतात; त्यांना अठ्ठेचाळीस लागतात. दुभाजकात थांबायला सपाट, मोकळी जागा असेल तर दोन टप्प्यांत जमतं. नसेल तर त्या मधल्या पांढऱ्या रेषेवर उभ्या राहतात, दोन्हीकडून बस.

बागेचं गेट, सार्वजनिक शौचालय, बसस्टॉप हे पटकन आटपता येतं. बागेच्या दारात बाइक अडवायला लावलेला नागमोडी पाइप आहे का? अपंगांच्या शौचालयाचं दार ९० सेंटिमीटरचं आहे का, बाहेर उघडतं का, आत खुर्ची वळायला दीड मीटर आहेत का, आणि मुख्य म्हणजे त्यात झाडू-बादल्या ठेवून कुलूप तर लावलेलं नाही ना? चावी कुणाकडे, हेही विचारा.

फेरीवाल्यांबद्दल

प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणतं, आधी फेरीवाले हटवा. काका या सूचनेवर चिडतात. त्यांचा अर्धा नकाशा वासांचा आहे: तळणाचा वास आला की डावीकडे, मोगऱ्याचा आला की बँक. मी एवढंच करते. खडूने चालण्याचा पट्टा आखते आणि गजरेवाल्या बाईंना सांगते की या रेषेच्या आत टोपली नको. बहुतेक जण ऐकतात, कारण वहिनी समोरच बसलेल्या असतात. दुकानदारांच्या पायऱ्या आणि बाहेर ठेवलेली स्टँडी यांचं प्रकरण मला नेहमी जास्त अवघड गेलं आहे.

नोंद आणि वाटणी

प्रत्येक अडथळ्याला नंबर, फोटोत टेप दिसलाच पाहिजे, आणि जागा ‘अमुक बिल्डिंगच्या गेटसमोर, डावा फुटपाथ’ अशी. मग तीन ढीग करा. आजच्या आज हलवता येणारं: कुंडी, बोर्ड, पार्क केलेली स्कूटर. थोड्या खर्चात होणारं: खांब काढणं, झाकण पातळीत आणणं, फांदी छाटणं. आणि नव्याने बांधावं लागणारं. पहिला ढीग स्वतः हलवा, पत्रात घालू नका. पत्र हलकं होतं आणि ‘नागरिकांनी सहकार्य करावं’ हे उत्तर आधीच संपतं.

दुसऱ्या-तिसऱ्या ढिगात प्रत्येकापुढे मालक लिहा. फुटपाथ आणि कर्ब महापालिकेच्या बांधकाम विभागाचा, गटाराची जाळी मलनिःसारण विभागाची, फांदी उद्यान किंवा वृक्ष विभागाची, डीपी महावितरणचा, सिग्नलच्या वेळा वाहतूक पोलिसांकडे. घोडबंदर रोडसारख्या ठिकाणी एकाच रस्त्यावर अनेक सरकारी यंत्रणांचं काम चालतं, तिथं आधी प्रभाग समिती कार्यालयात तोंडी विचारून घ्या की हा तुकडा कुणाचा. एका पत्रात पाच खात्यांची कामं घातलीत तर पाचही जण ते उरलेल्या चौघांचं समजतात.

पत्र

एक पान, त्याहून मोठं नको. आमचं असं होतं:

“विषय: डाव्या फुटपाथच्या तोंडाशी असलेल्या खांबांमुळे व्हीलचेअर जात नसल्याबाबत. महोदय, सदर ठिकाणी तीन खांब असून त्यांच्यातील अंतर ६४ सेंमी आहे (फोटो १, २). मधला खांब काढल्यास १३८ सेंमी मोकळे होतील. पुढील कोपऱ्यावर कर्बची उंची २८ सेंमी असून तिथे फुटपाथ लांबीच्या दिशेने उतरवणे आवश्यक आहे (फोटो ३). प्रत्यक्ष पाहणीसाठी आम्ही व्हीलचेअर वापरणाऱ्या व्यक्तीसह उपस्थित राहू. कृपया दिवस व वेळ कळवावी.”

शेवटच्या वाक्याने सगळं हललं. पाहणीला आलेल्या माणसासमोर वहिनी एकदा रॅम्प चढायला गेल्या की वाद उरत नाही.

कायद्याचा एक परिच्छेद खाली जोडा, धमकीच्या सुरात नको. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे, १९ एप्रिल २०१७ पासून लागू. कलम ४५ प्रमाणे अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक वास्तू नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या; नियम १५ जून २०१७ ला निघाले, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सांगितलं की सुगम्यतेचे निकष नुसत्या शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, काही किमान गोष्टी बंधनकारकच हव्यात. आणि मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने चालण्याजोगे फुटपाथ हा घटनेच्या कलम २१ खालचा हक्क मानला. पैसे नाहीत असं कुणी म्हणालं तर विचारा: स्वउत्पन्नाचा पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवण्याचा शासनाचा आदेश आहे, त्यातला यंदा किती खर्च झाला?

पत्राच्या दोन प्रती न्या आणि दुसरीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्या. शिक्का नाही तर पत्र नाही.

वेळ साधणं

खणलेल्या रस्त्यात रॅम्प जवळजवळ फुकट होतो. झालेला रस्ता फोडून करायचा तर वेगळी निविदा. म्हणून कुठल्याही कामाच्या आधी गाठा. महापालिकेचं अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला येतं, त्यामुळे मोठ्या कामाची मागणी दिवाळीपर्यंत नगरसेवक आणि प्रभाग कार्यालयाकडे पोचलेली असावी. गल्लीत खोदकामाचा बोर्ड लागला की त्यावर ठेकेदार आणि कामाचं नाव असतं, त्याचा फोटो काढून ठेवा. काम नुकतंच झालं असेल तर दोषदायित्व कालावधी विचारा. त्या मुदतीत बिघडलेलं किंवा चुकलेलं काम ठेकेदाराने स्वखर्चाने सुधारायचं असतं. हा एक शब्द उच्चारला की समोरचा माणूस खुर्चीत नीट बसतो.

उत्तर आलं नाही तर

महिनाभर थांबा. मग माहितीचा अधिकार: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, आणि महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत, एकाच विषयावर. ‘का केलं नाही’ असं विचारू नका. मंजूर नकाशाची प्रत, मोजमाप पुस्तकाची (झालेल्या कामाची मापं ज्यात लिहितात त्याची) प्रत आणि माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या पत्रावर झालेली टिपणी मागा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर वीस रुपयांचा स्टँप लावून पहिलं अपील. समांतरपणे लोकशाही दिन, म्हणजे अधिकाऱ्यांनी तक्रारी समोर ऐकण्याचा दिवस: महिन्याच्या पहिल्या सोमवारी महापालिका मुख्यालयात, अर्ज पंधरा दिवस आधी.

त्याही पुढे पुण्याचं दिव्यांग आयुक्तालय. राज्य आयुक्तांना चौकशीच्या कामात दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, आणि त्यांनी शिफारस केली की संबंधित यंत्रणेने काय केलं ते तीन महिन्यांत कळवायचं असतं. तिथं अर्ज करायला वकील लागत नाही. फोटो, मापं, शिक्का असलेली पत्रं तारखेप्रमाणे लावा, बस.

काँक्रीट ओलं असतानाच

मंजुरी मिळाली की बरेच जण पेढे वाटतात आणि घरी बसतात. त्याच दिवशी सकाळी सातला साइटवर जायचं असतं. आमच्या दुसऱ्या रॅम्पच्या वेळी मी पाणसळ घेऊन उभी राहिले. मिस्त्रींनी आधी दुर्लक्ष केलं, मग विचारलं, “ताई, किती उतार पाहिजे?” मी म्हटलं, साठला पाच. त्यांनी दोरी बांधली, खडूने खूण केली आणि पुढच्या तासाभरात जे केलं ते कुठल्याही नकाशापेक्षा नेटकं होतं. कर्बच्या तळाशी दोन सेंटिमीटरची पायरी राहत होती, ती त्यांनीच ओळखून घासून काढली. “इथं चाक अडकतं ना,” म्हणाले. त्यांना याआधी कुणी सांगितलंच नव्हतं की हे कशासाठी.

तात्पुरत्या कामांवरही लक्ष हवं. मंडपाच्या खांबांचे खड्डे, खोदकामाचे पत्रे, केबलचे पाइप: गणपती ते दिवाळी हा काळ काकांना वर्षातला सर्वात अवघड. मंडळांना जूनमध्येच भेटा, जागा ठरायच्या आधी. चालायला दीड मीटर मोकळं ठेवा आणि दोरीऐवजी जमिनीपर्यंत येणारा पत्रा लावा, कारण दोरीखालून काठी सरळ पुढे जाते आणि मागून माणूस.

आणि रॅम्प तयार झाला की त्यावर पहिल्याच संध्याकाळी एक स्कूटर उभी राहील. आमच्याकडेही राहिली, तीही आमच्याच बिल्डिंगमधली.